उघडा दिवस

खाज सुटणं ही चांगली गोष्ट आहे, हे बायकांना पटवून देण्यात माझी तीन वर्षं गेली. फार जणींना पटलं नाही. नंतर नंतर मीही ते सांगायचं म्हणून सांगू लागले, आणि त्यातूनच समीक्षाचं प्रकरण घडलं.

मी हौसाबाई. विट्यात मला सगळे हौसाक्का म्हणतात. तीस वर्षं मी गरोदर बायकांच्या पोटाला तेल लावलं, बाळंतिणींना शेक दिला, बाळांना न्हाऊ घातलं. ‘सुकांत’ कंपनीची पट्टी आली तेव्हा कंपनीला अशीच बाई हवी होती, जिच्यासमोर बायका पदर बाजूला करायला लाजत नाहीत. पंधरा दिवसांचं शिक्षण, एक पेटी, एक टॅब, आणि मी पट्टीसेविका झाले. माझ्याकडे एक्केचाळीस घरं होती.

पट्टी म्हणजे काय ते आधी सांगते. कातडीच्या वरच्या पापुद्र्याखाली दुसरा जाड थर असतो. तो बारीक धाग्यांनी विणलेल्या कापडासारखा असतो. पोट सावकाश वाढलं तर धागे जमवून घेतात. पण शेवटच्या तीन-चार महिन्यांत पोट भराभर वाढतं, त्यात गरोदरपणातले रस त्या धाग्यांना सैल करतात, आणि ते आतल्या आत तुटतात. वरून कातडी शाबूत दिसते, खाली चिरा पडलेल्या असतात. त्या भरून येतात, पण जखमेच्या खुणेसारख्या. आधी जांभळ्या, मग पांढऱ्या. तेल, लोणी, कोकम, महागडी मलमं, सगळं वरच्या पापुद्र्यावरच राहतं. मी तीस वर्षं जे तेल चोळलं त्यानं बायकांना बरं वाटलं, झोप लागली. रेघ एकही थांबली नाही. शिक्षणवर्गात हे ऐकलं त्यानंतर दोन दिवस मी कुणाशी बोलले नव्हते.

पट्टीला खालून केसाहून बारीक सुया असतात. टोचल्याचं कळतही नाही. त्या कातडीवरचा ताण मोजतात आणि जिथं तो वाढतोय तिथल्या पेशींना नवे धागे विणायचा निरोप देतात. ताण यायच्या आधी कापड तयार. पण असं विणकाम चालू असताना भयंकर खाज सुटते. म्हणून पट्टीत दुसरं औषध घातलं, खाजेचा निरोप मेंदूपर्यंत न जाऊ देणारं. ते रक्तात उतरतं, त्यामुळे नुसत्या पोटाची नाही, सगळ्या अंगाची खाज बंद होते.

अडचण तिथंच होती. शंभरात एखाद्या बाईचं पित्त शेवटच्या महिन्यांत यकृतात तुंबतं आणि रक्तात चढतं. बाई धडधाकट दिसते. पुरळ नाही, ताप नाही. फक्त तळहात आणि तळपाय खाजतात. पित्त फार चढलं तर पोटातल्या बाळाचं काळीज एकाएकी थांबू शकतं. खाज ही बहुतेक वेळा त्याची एकच वर्दी असते, आणि पट्टी तीच दाबून टाकते. म्हणून कंपनीनं नियम केला होता. सातव्या महिन्यापासून दर अकराव्या दिवशी पट्टी काढून अंग चोवीस तास उघडं ठेवायचं. त्याला उघडा दिवस म्हणायचं. पोट खाजलं तर घाबरायचं नाही. तळहात-तळपाय खाजले तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. एरवी रक्त महिन्यातून एकदा तपासायचे, पण पित्ताला चढायला महिना लागत नाही.

हे सगळं पाकिटातल्या माहितीपत्रकात होतं, सतराव्या पानावर. मी वाचायला चाळिशी उलटल्यावर शिकले, त्यामुळे मला वरवर वाचता येत नाही. बोट ठेवून सगळं वाचावं लागतं. विट्यात ते पत्रक पुरं वाचलेली बहुधा मी एकटीच होते.

समीक्षा ही अर्चनाची सून. विट्यातल्या कितीतरी घरांसारखं त्यांचंही घर गलाईवाल्यांचं. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा, पुरुष देशभर पांगलेले. अर्चनाचा मुलगा रोहित मदुराईत असतो. बायकोला दिवस गेल्यावर त्यानं तिला विट्याला आणून सोडलं आणि तिकडे बसून तो फोनवर तिच्या पट्टीचा आलेख बघू लागला.

“सकाळी त्याचा फोन आला,” मी पट्टी बदलत असताना समीक्षा म्हणाली. “डाव्या बाजूला ताण जास्त दिसतोय, त्या कुशीवर झोपू नको म्हणे. मी म्हटलं, मी कशी आहे ते विचार की. तर म्हणतो, दिसतंय ना, छान आहेस.”

अर्चना चहा घेऊन आली होती. “काळजी आहे म्हणून बघतो.”

“पोटाची काळजी आहे, आत्या. बाकीची मी कुठं जाऊ?”

“बाकीची तू बोलतीस की दिवसभर,” अर्चना म्हणाली आणि मला कप दिला. “आक्का, हिला सांगा माझ्या पोटाचं काय झालेलं ते.”

“काय सांगू? तेल तर मीच लावत होते.”

“रोज अर्धा तास लावलंत. आणि झालं काय, उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा.”

समीक्षा हसली, मीही हसले. पण मला दारापर्यंत सोडायला आल्यावर अर्चना हळू आवाजात म्हणाली, “रोहितच्या वेळी बाळंतपणानंतर हे एकदाच बोलले होते. झाकून घे, एवढंच. त्यांना आठवतही नसेल. मी त्यानंतर त्यांच्यासमोर कधी उजेडात साडी बदलली नाही. सत्तावीस वर्षं झाली. हिच्या वाट्याला ते नको.”

यात अर्चना वाईट होती असं कुणी म्हणू नये. समीक्षावर तिचा जीव होता.

सातवा लागल्यावर समीक्षाचे पहिले दोन उघडे दिवस नीट पार पडले. पोट खाजलं, तिनं दोन वेळा रडून घेतलं, तळहात-तळपाय ठीक होते. तिसरा उघडा दिवस आला तो नेमका डोहाळजेवणाच्या गुरुवारी. वैशाखात गलाईवाल्यांची सगळी कुटुंबं गावी येतात, त्यामुळे तारीख हलवता येण्यासारखी नव्हती. सकाळी मी गेले तेव्हा झोपाळ्याला फुलं बांधणं चाललं होतं आणि समीक्षा हिरव्या साडीत, मोगऱ्याचे बाजूबंद घालून बसली होती.

“आक्का, आज नको,” अर्चना म्हणाली. “दीडशे बायका येणार. हिनं झोपाळ्यावर बसून पोट खाजवायचं का सगळ्यांदेखत? मदुराईला फोनवर सगळं दिसणार आहे. उद्या काढा.”

मी समीक्षाकडे बघितलं. ती म्हणाली, “उद्या काढू या की. मागच्या वेळी जीव नकोसा झाला होता.”

पण टॅब कुणासाठी थांबत नाही. अकराव्या दिवशी संध्याकाळपर्यंत नोंद झाली नाही तर कंपनीच्या कचेरीत निरोप जातो आणि नवऱ्याच्या फोनवर लाल खूण उमटते. डोहाळजेवणाच्या दिवशी लाल खूण, मग मदुराईहून फोन, मग घरात रडारड. मी ‘उघडा दिवस झाला’ यावर बोट ठेवलं. हिरवी खूण उमटली.

असं मी आधीही केलं होतं. आज लग्न आहे, उद्या काढते. आज पाहुणे आहेत, उद्या काढते. आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी काढलीही होती. बहुतेक वेळा.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता पेटी घेऊन गेले तर अर्चना एकटीच अंगण झाडत होती.

“गेली की ती आटपाडीला,” ती म्हणाली. “आई आणि भाऊ पहाटेच घेऊन गेले. दहाला अमावस्या लागतीय, त्याच्या आत घरी पोचायचं होतं त्यांना. आणि अमावस्या सरेपर्यंत थांबलं तर आठवा लागतो, मग पाठवता येत नाही.”

“पट्टी?”

“अंगावरच आहे. तिकडच्या सेविकेला कळवा तुम्ही.”

तिकडच्या सेविकेच्या टॅबवर समीक्षाचा उघडा दिवस आदल्या दिवशीच झालेला होता. तो मीच केला होता.

मी तिच्या आईला, सुरेखाला, फोन लावला.

“एक दिवस तिची पट्टी काढून ठेवा,” मी म्हणाले.

“आत्ताच झालाय न्हवं उघडा दिवस? जावईबापूंनी पण फोनवर बघितलंय, हिरवी खूण हाय.”

“तरी एकदा काढा.”

“कशाला वो? लेक पाच महिन्यांनी घरी आलीय, निवांत झोपतीय. काय खाजत न्हाई, दुखत न्हाई. अकरा दिवसांनी काढू की.”

हिरवी खूण खोटी आहे, एवढंच वाक्य मला म्हणायचं होतं. मी म्हणाले, “बरं, जपा तिला.”

नोकरीची भीती होती हे खरं. पण तेवढंच नव्हतं. तीस वर्षांच्या तेलाचा उपयोग नव्हता हे मी एकदा पचवलं होतं. आता या वयात ज्या एका गोष्टीसाठी लोक मला घरात घेत होते, ती म्हणजे, हौसाक्का सांगते ते खरं असतं. तीही गेली तर मी कोण, हे मला कळेना. सहा दिवस मी घरोघर जाऊन पट्ट्या लावल्या, आणि प्रत्येक पोटावर हात ठेवताना मला आटपाडीचं पोट आठवत होतं.

सातव्या दिवशी सकाळी मी एसटीत बसले. आता या मार्गावर चालक नसलेल्या गाड्या धावतात. भिवघाटाच्या वळणांवर गाडी आपली आपण वेग कमी करते आणि एका बाईच्या आवाजात प्रवाशांना धरून बसायला सांगते. मी धरून बसले. सुरेखाला काय सांगायचं ते मनात जुळवत होते, पण जुळवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सुरेखानं पाणी दिलं. मी ते न पिताच सांगितलं. “उघडा दिवस झालाच नव्हता. पट्टी काढली नव्हती. मी टॅबवर खोटं लिहिलं.”

सुरेखानं हातातला तांब्या खाली ठेवला. “फोनवर का न्हाई बोललासा?”

“लाज वाटली.”

“आणि आता न्हाई वाटत?”

“वाटतीय.”

समीक्षा आतून आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती खाटेवर आडवी झाली आणि पदर बाजूला केला. “काढा मग. उभ्या काय राहिलाय?”

दहा वाजता पट्टी काढली. अकराच्या सुमाराला पोट खाजायला लागलं. सुरेखा ओल्या फडक्यानं पोट पुसत राहिली. समीक्षा दात आवळून म्हणाली, “बाळ आहे का मुंग्यांचं वारूळ?” मी तिच्या उशाशी बसून होते. कुणी मला जेवायला विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

तीन वाजता ती मोकळ्या हवेत बसते म्हणून परसात गेली. मी मागोमाग गेले. धुण्याच्या दगडावर बसून ती सुरेखाशी काहीतरी बोलत होती, आणि बोलता बोलता तिचे दोन्ही तळपाय खालच्या खरबरीत फरशीवर घासत होते. पुढे-मागे, पुढे-मागे. तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

“पाय का घासतीस?” मी विचारलं.

तिनं पायांकडे बघितलं. मग नखांनी डावा तळहात खाजवत असलेला स्वतःचा उजवा हात तिला दिसला. ती थांबली. थोड्या वेळानं पुन्हा खाजवू लागली.

“भावाला गाडी काढायला सांगा,” मी सुरेखाला म्हणाले.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर मुजावर म्हणून बाई होत्या. त्यांनी रक्त घेतलं, पोटाला बाळाच्या ठोक्यांचं यंत्र लावलं आणि ठोके चालू असलेले आम्हाला ऐकवले. रात्री अहवाल आला. पित्त असावं त्याच्या बारा पट होतं.

“अजून चार दिवस थांबलो असतो तर?” सुरेखानं विचारलं.

“असं दिवस धरून नाही सांगता येत,” डॉक्टर म्हणाल्या. “पण मी थांबले नसते. बाळ आत्ता फार लहान आहे. इथंच ठेवू, औषध देऊ, रोज ठोके बघू. चार आठवडे काढता आले तर बरं. पट्टी आता अजिबात लावायची नाही.”

ते चार आठवडे समीक्षानं कसे काढले ते मी बघितलं आहे. रोज सकाळी मी जायचे. सुरेखा माझ्याशी बोलत नव्हती, पण अंघोळीला जाताना लेकीला माझ्याकडे सोपवून जायची. पित्ताची खाज पोटाच्या खाजेसारखी नसते, वरून हात फिरवून ती भागत नाही. समीक्षानं तळहात सोलून घेतले. पहिल्या आठवड्यातच पोटावर रेघा उमटल्या. कातडीला पट्टीच्या निरोपाची सवय झाली होती. निरोप थांबला, पोट मात्र वाढतच राहिलं. अंगठ्याएवढ्या रुंद, जांभळ्या रेघा, बेंबीपासून कमरेपर्यंत.

रोहित मदुराईहून आला. आल्या आल्या सवयीनं त्यानं फोन उघडला. आलेख कोरा होता. तो फोन हातात धरून खाटेशेजारी बसून राहिला.

“कसं वाटतंय तुला?” त्यानं शेवटी विचारलं.

“खाजतंय,” समीक्षा म्हणाली, आणि मग कुठं, कसं, कधीपासून, झोपेत काय होतं, जागेपणी काय होतं, हे ती त्याला अर्धा तास सांगत राहिली. त्यानं मध्येच एकदाही फोनकडे बघितलं नाही.

अर्चना दुसऱ्या दिवशी आली. तिनं सुनेचं पोट बघितलं आणि तोंडाला पदर लावला. “माझ्यासारखंच झालं गं.”

“तुमच्यापेक्षा रुंद आहेत, आत्या,” समीक्षा म्हणाली. “रडू नका. पाय चोळा जरा.”

अर्चनानं पाय चोळले. मी खोलीत होते, पण तिनं माझ्याकडे बघितलं नाही. डोहाळजेवणाच्या दिवशी पट्टी नका काढू म्हणणारी तीच होती, हे तिलाही ठाऊक होतं. त्यामुळे माझ्याकडे बघणं तिला जास्तच जड गेलं असणार.

पस्तिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. दोन किलो शंभर ग्रॅम. रडली. काचेच्या पेटीत आठ दिवस ठेवली आणि मग आईजवळ दिली. समीक्षाची खाज दोन दिवसांत गेली.

त्यानंतर कंपनीच्या ढवळे मॅडम माझ्या घरी आल्या. वयानं माझ्या नातीएवढ्या, बोलायला चांगल्या. त्यांनी छापून आणलेला कागद माझ्यापुढे ठेवला. मी बोट ठेवून वाचला. सेविकेनं उघडा दिवस न पाळता तो पाळल्याची नोंद केली, असं त्यात होतं. खाली सहीची जागा.

“मला वाईट वाटतंय, आक्का,” त्या म्हणाल्या. “पण नियम बरोबर होता, पट्टी बरोबर होती. माणूस चुकलं. तुम्ही सही केलीत की हे प्रकरण इथंच मिटेल.”

“लिहिलंय ते खरं आहे,” मी म्हणाले. “पण पुरं नाही. मला कोरा कागद द्या.”

“कशाला?”

“एकीचं लिहिलं तर मी चुकले एवढंच दिसतं. सगळ्यांचं लिहिते.”

माझ्या एक्केचाळीस घरांपैकी त्या वेळी सातव्या महिन्याच्या पुढच्या एकोणीस जणी होत्या. मी एकेकीचं नाव लिहिलं. नावापुढे टॅबवर किती उघडे दिवस होते ते लिहिलं, खरे किती पाळले ते लिहिलं, आणि न पाळल्याचं कारण. वटपौर्णिमा. नणंदेचा साखरपुडा. नवरा सुट्टीवर आला होता. बँकेची परीक्षा. एकीच्या नावापुढे लिहिलं, नुसतंच नको म्हणाली. लिहायला मला वेळ लागतो. ढवळे मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं, मग बघायचं सोडलं आणि माझ्या खांद्यावरून वाचू लागल्या.

एकोणीस जणींपैकी सगळे उघडे दिवस खरोखर पाळलेल्या चार निघाल्या.

“बाकीच्या सेविकांचंही असंच असेल?” त्यांनी विचारलं.

“मी माझं लिहिलंय. त्यांचं त्यांना विचारा.”

“हे वर दिलं तर सगळ्या पट्टीवाल्या बायकांचं रक्त दर आठवड्याला तपासावं लागेल. कंपनी मानणार नाही.” त्यांनी यादी पुन्हा वरून खाली वाचली. “मी देते. पुढचं माझ्या हातात नाही.”

मी दोन्ही कागदांवर सही केली. एक माझ्या चुकीचा, दुसरा यादीचा. यादीचा फोटो काढून मी ढवळे मॅडमच्या देखतच डॉक्टर मुजावरांना पाठवला. मॅडमनी पेटी आणि टॅब उचलला. जाताना पाया पडल्या. का ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकाम्या हातानं बाहेर पडले. पंधरा घरं होती. पहिल्या घरी सासूनं दारातूनच विचारलं, “आमच्या सुनंचं नाव कागदावर घातलंस म्हणं?” आणि मी उत्तर द्यायच्या आत कडी लावली. मी खिडकीखाली उभी राहून आतल्या सुनेला मोठ्यानं सांगितलं, पट्टी काढ, तळपायाकडे लक्ष ठेव. ऐकलं की नाही कळलं नाही.

दुसरं घर प्रणालीचं. आठवा सरत आलेला. ती सोप्यात पाय पसरून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, तिची सासू आत भाकरीचं पीठ मळत होती.

“मला कुठं काय खाजतंय, आक्का?” ती म्हणाली. “मस्त चाललंय माझं.”

“पट्टी आहे तोवर तसंच वाटणार. काढ.”

तिनं सासूकडे बघितलं. सासूनं माझ्याकडे बघितलं. सगळ्या गावाला कळलं होतं, तसं तिलाही कळलेलं होतं.

“तुम्ही आता कंपनीत नाही ना?” सासू म्हणाली.

“नाही.”

“मग आम्ही ऐकायचं कशाला?”

“ऐकू नका. आटपाडीला मी सहा दिवस उशिरा गेले, ते तुम्हाला ठाऊक आहे. इथं आज आलेय.”

मग प्रणालीनं शेंगांचं ताट बाजूला सरकवलं आणि कोमट पाण्यानं कडा भिजवून पट्टी हळूहळू सोडवली. खालची कातडी गुळगुळीत होती, एक रेघ नव्हती. मी भिंतीला टेकून बसले आणि तिचं ताट पुढ्यात ओढून शेंगा फोडायला घेतल्या.

“किती वेळ बसणार तुम्ही?” सासूनं आतून विचारलं.

“पोट खाजेपर्यंत. आणि मग संध्याकाळपर्यंत. तिचे पाय बघायचे आहेत.”

पिठाच्या डब्याचं झाकण पुन्हा उघडल्याचा आवाज आला, आणि सासूनं परातीत आणखी एक ओंजळ पीठ घातलं.